तीन हजार ब्रास मातीखालचं थडगं

कोल्हापूरकराला टेकाड म्हटलं की ब्रह्मपुरी आठवते. पंचगंगेकाठच्या या टेकाडावर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. ब्रह्मपुरी ही पांढर. माणसं एकाच जागी राहिली, भिंती पडल्या, त्यांच्यावर नव्या उभ्या राहिल्या, चुलीतली राख आणि फुटकी खापरं तिथंच साठत गेली. शेकडो वर्षांत गाव आपल्याच पडझडीवर चढत गेलं.

हंगेरीपासून मंगोलियाच्या पलीकडं पसरलेल्या गवताळ मैदानावर लांबून तशीच दिसणारी हजारो टेकाडं आहेत. त्यांना कुरगान म्हणतात. शब्द तुर्की भाषांतला, रशियनमधून पुरातत्त्वात रुळलेला. पांढरीत राखेचे थर, खापरं, घरांच्या जमिनी मिळतात. कुरगानात मात्र स्वच्छ माती, गवताच्या मुळ्यांसकट कापलेल्या ढेपा, दगड, लाकूड आणि तळाशी माणूस. पांढर साठत जाते, कुरगान बांधावं लागतं.

'भटक्या घोडेस्वारांनी आपल्या राजांसाठी टेकाडं रचली' असं सर्रास लिहिलं जातं. त्यातला क्रम उलटा आहे. टेकाड आधी आलं. घोड्यावर बसून वर्षभर कळपामागं फिरणारा समाज त्यानंतर किमान दोन हजार वर्षांनी उभा राहिला. त्यानं हे बांधकाम वारशानं घेतलं आणि आतून पार बदलून टाकलं. थडग्यात घोडा कुठं ठेवलाय, कशासकट ठेवलाय, एवढं पाहत गेलं तरी तो बदल टप्प्याटप्प्यानं दिसतो.

आधी आकाराचा अंदाज. कझाकस्तानात अल्माटीजवळचं इस्सिक कुरगान ६० मीटर व्यासाचं आणि ६ मीटर उंच होतं. घुमटासारख्या ढिगाचं घनफळ काढायला त्रिज्येच्या वर्गाची तिप्पट घ्यायची, तीत उंचीचा वर्ग मिळवायचा, बेरजेला उंचीनं आणि ३.१४ नं गुणून सहानं भागायचं. इस्सिकचं उत्तर सुमारे ८,६०० घनमीटर येतं. आपल्या हिशेबात एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर, तेव्हा ही तीन हजार ब्रासच्या वर माती झाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ब्रासभर माती धरली तरी तीन हजार खेपा. त्यांनी ती पाट्या, कातडी आणि गाडे यांच्या जोरावर हलवली.

दोन कुरगानांची तुलना नुसत्या उंचीवरून केली की चूक होते. नांगर दरवर्षी माथ्याची माती खाली ओढतो. टेकाड बसकं आणि रुंद होत जातं. इस्सिकएवढीच माती ८० मीटर व्यासात पसरली तर उंची साडेतीन मीटरच्या आत येते. दिसायला निम्मं, मेहनत तेवढीच. म्हणून घनफळ काढावं, आणि कडेचं दगडी रिंगण सापडलं तर मूळ व्यास तिथूनच घ्यावा.

आता बांधणी. सर्वांत साधा आणि अभ्यासाला सोपा नमुना म्हणजे इ.स.पू. ३३०० ते २५०० च्या सुमाराचं यामनाया संस्कृतीचं कुरगान. रशियनमध्ये 'यामा' म्हणजे खड्डा. काळ्या समुद्राच्या उत्तरेपासून उरलपर्यंत ही माणसं पसरली होती. ते आधी आयताकृती खड्डा खणत. बऱ्याच खड्ड्यांना चारी बाजूंनी एक पायरी ठेवलेली असे. मृताला आत उताणं, गुडघे वर उचलून ठेवत आणि अंगावर, विशेषतः डोक्यापाशी आणि पायांपाशी, गेरू टाकत. मग त्या पायरीवर आडव्या फळ्या किंवा ओंडके टाकून खड्डा झाकत, आणि वर भराव. पायरीचं काम नेमकं हेच: छताचं वजन मृतावर न येता कडेच्या मातीवर जावं. लाकूड कुजलं की भराव आत बसतो, म्हणून कित्येक कुरगानांच्या माथ्यावर बशीसारखा खळगा दिसतो. तो खळगा चोरांनीच केला असं लगेच मानू नये.

कुरगानाचा उभा छेद वाचायची एक खूण फार मोलाची आहे, आणि ती आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. विहीर खणताना आधी काळी लागते, खाली मुरूम. काठावर टाकलेला मुरूम काळ्या रानात लांबूनही उठून दिसतो. त्या मैदानातही वर काळी सुपीक माती आणि खाली पिवळसर माती आहे. खड्डा खणणाऱ्यांनी खालची पिवळी माती उपसून कडेला टाकली आणि तिच्यावर काळ्या मातीचं टेकाड चढलं, की छेदात खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे दिसतात. हे पट्टे जुन्या जमिनीच्या पातळीवर असतील तर तो खड्डा टेकाडाच्या आधीचा, म्हणजे ज्याच्यासाठी टेकाड रचलं त्याचा. ते टेकाडाच्या पोटात किंवा अंगावर असतील तर कुणीतरी नंतर येऊन तयार टेकाडात दुसरं दफन केलेलं आहे. असं वारंवार होई. मग वर नव्यानं मातीचं कवच चढे, टेकाड मोठं होई. एकाच कुरगानात हजार-दोन हजार वर्षांच्या अंतरानं केलेली दहा-वीस दफनं मिळणं नवलाचं नाही.

हा पट्टा हातचा जातो तो खणण्याच्या घाईनं. सगळं टेकाड वरून खाली सोलत आणलं तर छेद उरतच नाही. म्हणून मध्यातून जाणारे मातीचे बांध न खणता उभे ठेवायचे, त्यांच्या दोन्ही अंगांची चित्रं काढायची आणि मगच ते काढायचे. टेकाडाखाली दडलेली मूळ जमीनही जपावी लागते. ती माती बांधणीच्या दिवशी झाकली गेली, त्यानंतर तिच्यावर ऊन-पाऊस पडला नाही. तिच्यातल्या परागकणांवरून त्या काळी आसपास कोणतं गवत होतं, किती झाडं होती, हवा कोरडी होती की ओली, हे कळतं. सोन्याचा दागिना म्युझियममध्ये शोभतो. या समाजांच्या उगमाबद्दल मात्र मूठभर झाकलेली माती जास्त सांगते, असं माझं ठाम मत आहे.

भरावात सुट्या मातीपेक्षा गवताच्या ढेपा जास्त टिकतात. मुळ्यांचं जाळं ढेप धरून ठेवतं आणि उतार उभा राहतो. छेदात या ढेपा काळ्या-करड्या विटांसारख्या दिसतात. भोवती खणलेला चर माती पुरवतो आणि हद्दही आखतो. जिथं दगड मुबलक तिथं कडेला दगडांचं रिंगण येतं. ते नसलं तर पहिल्या काही पावसाळ्यांतच पायथा पसरायला लागतो.

यामनायांच्या थडग्यांत कधीकधी गाडे मिळतात. चाकं भरीव, फळ्या जोडून केलेली. गाडे बैल ओढत. ही माणसं गुरं-मेंढ्या घेऊन मैदानात खोलवर शिरली ती गाड्यांच्या बळावर. २०१५ साली प्राचीन डीएनएच्या दोन मोठ्या अभ्यासांनी त्यांचा वंश युरोपभर पसरल्याचं दाखवलं. मारिया गिंबुटास यांनी १९५६ साली मांडलेल्या कुरगान सिद्धांताला, म्हणजे इंडो-युरोपीय भाषा या मैदानातून पसरल्या या मताला, त्यामुळं मोठं बळ मिळालं. पण गाड्यातून फिरणारा पशुपालक आणि पुढच्या काळातले मैदानातले घोडेस्वार शक यांना एकाच साच्यात घालता येत नाही.

पुढचा टप्पा उरलच्या दक्षिणेला, सिंताश्ता संस्कृतीत, इ.स.पू. २००० च्या आगेमागे. इथं थडग्यात घोडे जोडीनं येतात आणि रथ येतो. त्या रथाचं लाकूड कधीच मातीत गेलं. राहिल्या त्या खड्ड्याच्या तळातल्या दोन अरुंद खाचा. रथ हलू नये म्हणून चाकांचा खालचा भाग त्यांत रोवला होता. कुजलेल्या लाकडाच्या जागी बारीक माती भरली आणि आऱ्यांचे ठसे डागांच्या रूपानं उमटले. कुदळीचा एक घाव जास्त पडला असता तर जगातल्या सर्वांत जुन्या ज्ञात रथांचा हा पुरावा मातीत मिसळला असता. आजच्या पाळीव घोड्यांचा वंश याच सुमारास, इ.स.पू. २२०० च्या आसपासपासून, व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यांतून झपाट्यानं पसरला, हे २०२१ च्या जनुकीय अभ्यासानं दाखवलं. तरीही सिंताश्ताचे लोक भटके नव्हते. त्यांना तटबंदीची गावं होती, घराघरात तांबं गाळायच्या भट्ट्या होत्या.

भटकं जीवन पुरतं उभं राहिलं ते पूर्वेकडं, मंगोलिया आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण सायबेरियातल्या तुवाच्या बाजूला. मंगोलियात इ.स.पू. १३०० ते ७०० च्या दरम्यान खिरिगसूर नावाची दगडी स्मारकं झाली: मध्ये दगडांची रास, भोवती चौकोनी किंवा गोल कुंपण, आणि बाहेर छोट्या राशींच्या रांगा. प्रत्येक छोट्या राशीखाली घोड्याची कवटी, बहुतेक वेळा पूर्वेकडं तोंड करून. उर्त बुलागीन इथल्या एका खिरिगसूरभोवती अशा सुमारे १,७०० राशी आहेत. त्याच लोकांच्या हरणशिळा म्हणजे उभे दगड. त्यांवर उड्या घेणारी हरणं, कमरेला पट्टा, पट्ट्याला शस्त्रं. करवीर तालुक्यात गावोगावच्या वीरगळी पाहिलेल्या माणसाला त्यांचा हेतू लगेच उमगतो: दगड म्हणजे तो योद्धाच. नातं काही नाही, गरज तीच.

मग तुवातल्या उयुक खोऱ्यातलं आर्झान-१ हे कुरगान. १९७१ ते ७४ या काळात ग्र्याझ्नोव आणि मान्नाय-ओल यांनी ते खणलं. काळ इ.स.पू. ९ व्या शतकाची अखेर ते ८ व्याची सुरुवात. ११० मीटरच्या वर व्यास असलेल्या दगडी थाळीखाली लाकडाचं प्रचंड चाकच निघालं: मध्यभागी राजा-राणीची चौकोनी खोली आणि तिच्यापासून आऱ्यांसारख्या कडेपर्यंत गेलेल्या सुमारे ७० खोल्या. लार्च या सूचिपर्णी झाडाचे जवळपास ६,००० ओंडके लागले होते. यात खड्डा नाहीच. ओंडक्यांच्या टोकांना खाचा पाडून एकमेकांत बसवत चौकटी जमिनीवरच रचल्या आणि वर दगड रचले. खोल्यांत सुमारे १६० घोडे, लगामासकट. लगामाच्या कड्या आणि सामान सगळीकडं सारखं नाही, गटागटानं वेगळं आहे. ग्र्याझ्नोव यांनी त्यावरून अर्थ लावला तो पटण्यासारखा आहे: वेगवेगळ्या टोळ्यांनी आपापले घोडे आणून अंत्यविधीत वाटा उचलला.

शस्त्रं, घोड्याचं साज-सामान आणि प्राण्यांच्या आकृतींची कला ही शक-सिथियन जगाची, म्हणजे मैदानातल्या घोडेस्वार टोळ्यांची, तिन्ही लक्षणं इथं एकत्र मिळतात, तीही काळ्या समुद्राकाठच्या प्रसिद्ध सिथियन थडग्यांच्या कितीतरी आधी. सिथियन लोक आशियातून आले असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं लिहिलंच होतं. आर्झाननंतर ते बाजूला सारणं अवघड झालं. मात्र सिथियन, शक, साउरोमाती अशा या टोळ्या म्हणजे एकाच वंशाची माणसं नव्हेत. डीएनएत पश्चिमेचा आणि पूर्वेचा वाटा प्रदेशागणिक बदलत जातो. पसरली ती जगण्याची रीत.

ही रीत तेव्हाच का रुजली? इ.स.पू. ८५० च्या सुमारास हवा ओलसर आणि गार झाल्याच्या खुणा तुवातल्या तळ्यांच्या गाळात आहेत. ओसाड पट्ट्यांत गवत वाढलं, कळप वाढले. स्वारीचा घोडा असला की एकटा राखणदार पायी सांभाळता येईल त्याच्या कितीतरी पट जनावरं सांभाळतो. 'भटके' या शब्दानं मात्र गैरसमज होतो. आपले धनगर वाडा हलवतात तेव्हा वाट ठरलेली असते, पाणवठे ठरलेले असतात, कुणाच्या रानात किती रात्री मेंढरं बसवायची हेही ठरलेलं असतं. मैदानातही तसंच: उन्हाळी कुरण, हिवाळी कुरण, मधली वाट. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला लांबलांबचे धनगर एका जागी येतात. वर्षभर पांगलेल्या समाजाला अशी एक न हलणारी जागा लागते. कुरगानांच्या रांगा हिवाळी कुरणांच्या खोऱ्यांत दाट दिसतात त्या याच कारणानं.

बांधकाम म्हणून माझ्या लेखी सर्वांत विचारी नमुना अल्ताई डोंगरांतल्या पाझिरिकचा, इ.स.पू. ४ थं-३ रं शतक. १९२९ साली ग्र्याझ्नोव यांनी पहिलं, आणि १९४७ ते ४९ मध्ये सर्गेई रुदेन्को यांनी पुढची मोठी कुरगानं खणली. खड्डा सुमारे ५० चौरस मीटरचा आणि ४ मीटर खोल. खणायची लाकडी हत्यारं, पाचरी आणि मोगऱ्या, भरावातच टाकलेली मिळाली. खड्ड्यात ओंडक्यांची खोली, तिच्याबाहेर दुसरी खोली. बाजूंना उभे खांब आणि त्यांवर जाड तुळया, म्हणजे वरचा भार खोलीच्या छतावर न येता खांबांतून तळाला जातो. तुळयांवर भूर्जाची साल, मग ओंडक्यांचे थरावर थर. मोठ्या कुरगानात ३०० पर्यंत ओंडके. त्यावर उपसलेली माती आणि सर्वांत वर मोठाल्या दगडांची रास. घोडे खोलीबाहेर, खड्ड्याच्या उत्तरेच्या पट्ट्यात. त्यांच्यावर खोगीर म्हणजे केस भरलेल्या दोन मऊ गाद्या. रिकीब नाही, तिचा शोध अजून शेकडो वर्षं दूर होता. सिनेमात सिथियन स्वार रिकिबीत पाय देऊन उभा राहिला की तो दृश्यातला घोटाळा समजावा.

या थडग्यांत बर्फ झाला, तो मुख्यतः त्या दगडांच्या राशीमुळं. हिवाळ्यात जड गार हवा दगडांच्या फटींतून खाली उतरते आणि तळ गोठवते. उन्हाळ्यात वरची गरम हवा हलकी, ती खाली जात नाही, आणि रास सावलीही धरते. दरवर्षी थंडी आत शिरते जास्त, बाहेर पडते कमी. मग चोर आले. त्यांनी रास फोडली, छताचे ओंडके कुऱ्हाडीनं तोडून आत उतरले, धातू नेला. त्या भोकातून पाणी आत गेलं, खोलीत साचलं आणि गोठलं. एरवी कुजलं असतं ते कापड, कातडं, नमदा, गोंदलेली त्वचा तसंच राहिलं. पाचव्या कुरगानातला गालिचा १८३ सेंटिमीटर रुंद आणि २०० लांब आहे, दर चौरस डेसिमीटरला सुमारे ३,६०० गाठी. आज तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. दुसऱ्यात गांजाच्या बिया, तापवलेले दगड आणि छोट्या तंबूच्या काठ्या मिळाल्या, अगदी हिरोडोटसनं वर्णन केल्यासारख्या. बर्फ फोडला तर आतलं कापडही फुटतं, म्हणून रुदेन्को यांनी गरम पाणी ओतून तो वितळवला. १९९३ साली नतालिया पोलोस्माक यांनी उकोकच्या पठारावर गोंदलेल्या स्त्रीची शवपेटी मोकळी केली तीही अशीच, पेल्यापेल्यानं. हवा तापत चालली आहे तसा हा बर्फ न खणलेल्या थडग्यांतूनही उतरतो आहे. तिथं एकदा पाणी झालं की नमदा काही उन्हाळ्यांत संपतो.

चोर मध्यावर खणतात, हे बांधणाऱ्यांनाही ठाऊक होतं. इ.स.पू. ७ व्या शतकातलं आर्झान-२ हे २००० नंतर चुगुनोव, पार्त्सिंगर आणि नागलर यांच्या पथकानं खणलं. मध्यभागी दोन रिकामे खड्डे निघाले. खरं थडगं मध्यापासून बरंच बाजूला, दुहेरी ओंडक्यांच्या खोलीत होतं: एक पुरुष, एक स्त्री आणि सोन्याच्या साडेपाच हजारांहून अधिक वस्तू, वजन २० किलोंच्या घरात. इस्सिकलाही मधलं थडगं लुटलेलं होतं आणि १९६९-७० मध्ये बाजूच्या थडग्यातून 'सुवर्णपुरुष' निघाला. कुरगान खणताना मध्य रिकामा मिळाला म्हणून काम थांबवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक.

काळ ठरवतानाही दोन ठिकाणी पाय घसरतो. इ.स.पू. ८०० ते ४०० या पट्ट्यात कार्बन-१४ ची दुरुस्ती-रेषा, म्हणजे मोजलेल्या कार्बनवरून खरं वर्ष काढायचा आलेख, जवळजवळ सपाट आहे. एकच मोजमाप चारशे वर्षांत कुठंही बसतं, आणि सिथियनांचा नेमका हाच काळ. यावर उपाय ओंडके देतात. एकाच ओंडक्याच्या वर्तुळांतून दहा-दहा वर्षांच्या अंतरानं नमुने घ्यायचे आणि ती मालिका रेषेच्या वळणांवर बसवायची. बाहेरचं शेवटचं वर्तुळ आणि साल शाबूत असेल तर झाड तोडल्याचं वर्ष अगदी जवळ येतं. पाझिरिकचं पाचवं कुरगान पहिल्या दोहोंनंतर जवळपास पन्नास वर्षांनी बांधलं, हे वर्तुळं जुळवूनच कळलं. दुसरी अडचण मासे खाणाऱ्यांची. नद्या-तळ्यांतला जुना कार्बन माशांतून हाडांत जातो आणि माणूस आहे त्यापेक्षा शेकडो वर्षं जुना दिसतो. तिथं हाडाबरोबर गवत खाणाऱ्या जनावराचं हाडही मोजावं.

या मैदानातल्या लोकांचं नाव आपल्या घरात रोज आहे. लग्नपत्रिकेवर, पंचांगात, संकल्पात आपण 'शके' म्हणतो. इराणचा सम्राट दारयवहू (दारियस) याच्या शिलालेखांत 'सका' येतात, उंच टोकदार टोपीवाले. त्यांच्याच पुढच्या लाटा इराणच्या पूर्वेकडून सिंध-गुजरातेत उतरल्या आणि क्षत्रप म्हणून महाराष्ट्रात राज्य करून गेल्या. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षत्रप नहपानाची नाणी पुन्हा आपल्या छापानं पाडली. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेल्या १३ हजारांहून अधिक नाण्यांत दोनतृतीयांशांवर दोन्ही छाप आहेत. पण इथं उतरलेल्या शकांनी कुरगानं बांधली नाहीत. त्यांचे दानलेख बौद्ध लेण्यांत आहेत.

विदर्भात जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथं मोठ्या दगडांची शिलावर्तुळं आहेत, इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. माहुरझरीला शां. भा. देव यांच्या उत्खननात घोड्याची हाडं, लोखंडी लगाम आणि घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. घोडा पाहून लगेच 'आपल्याकडची कुरगानं' म्हणायचा मोह होतो. बांधणी पाहावी. तिथं ओंडक्यांची खोली नाही, उंच टेकाड नाही. दगडांचं रिंगण, आत चिकणमाती आणि गोट्यांचा बेताचा भराव, सोबत काळी-तांबडी भांडी. ती भांडी आणि लोखंडी कुऱ्हाडी थेट दक्षिणेच्या महापाषाणीय थडग्यांशी जुळतात.